हान्काबाईंचा रहिवास

माझ्या बोलण्यात कधीकधी मध्येच एखादं 'हितं' नाहीतर 'कवाच' येऊन जातं. कॉलेजातल्या मैत्रिणी हसतात. इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठीत चार वाक्यं बोलायची म्हटली तरी अडखळणारी मुलगी, आणि हे कुठून उचललंस, असं विचारतात. मुळशीचं आहे, एवढंच मी सांगते. ते खरंही आहे. पण हे शब्द मला मुळशीत जन्मलेल्या कुणी दिलेले नाहीत. ते मी एका पोलिश बाईंकडून शिकले. हा फरक मी केलेला त्यांना कळला असता, तर त्या माझ्याशी आठवडाभर बोलल्या नसत्या.

बाबा धरणावरच्या वीज कंपनीत इंजिनिअर होते. आमचं घर तलावाजवळच्या वसाहतीत. मी पुण्याला बोर्डिंगमध्ये असे आणि सुट्टीला मुळशीत येई. सुट्टीत बोलायला कुणी नसे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नसे. सकाळी मागच्या दाराशी पत्र्याचा डबा टेकवल्याचा आवाज झाला की समजायचं, पाव आला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बिस्किटांचा जुना चौकोनी डबा, अंगात विटलेला फ्रॉक, पायांत पुरुषी बूट, उन्हाने तांबडी झालेली मान, आणि वाळलेल्या गवताच्या रंगाच्या केसांचा घट्ट अंबाडा. पावसाळ्यात या सगळ्यावर वाडीतल्या बायकांसारखंच पानांचं इरलं.

"मुकी उठली का?" त्या स्वयंपाकघरात डोकावून विचारत.

"तिला मुकी म्हणू नका हो," आई म्हणे.

"मंग बोलू दे की तिला. म्या कुटं तोंड धरलंय तिचं?"

मी बोलत नसे. पण त्या आल्या की मी स्वयंपाकघरात येऊन बसे, हे आईच्या लक्षात आलं होतं.

त्यांचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते फक्त पोलिसांच्या नोंदवहीत होतं. हान्का हे घरातलं नाव. त्याला वाडीने 'बाई' जोडलं. त्यांची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, आणि सगळी अजूनही माहीत नाही. महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या माझ्याएवढ्या असतील. एका पहाटे सैनिकांनी दार ठोठावलं, सगळ्या घराला गाडीत घातलं आणि दूर उत्तरेला बर्फात नेऊन टाकलं. तिथून दोघी बहिणी तेवढ्या जिवंत बाहेर पडल्या. मग इराण, मग बोट, मग कोल्हापूरकडची निर्वासितांची छावणी. युद्ध संपल्यावर छावणी मोडली आणि जो तो जिकडे जागा मिळेल तिकडे गेला. धाकटी बहीण झोशा लग्न करून इंग्लंडला गेली. हान्काबाई मुळशीला एका म्हाताऱ्या इंग्रज इंजिनिअरचं घर सांभाळायला आल्या. पुढे तो साहेबही मायदेशी निघाला. त्याने बरोबर चल म्हटलं होतं. हान्काबाई त्याला म्हणाल्या, "लई गाड्यांत बसले, सायेब. आता न्हाई बसायची."

मग त्या वरच्या वाडीत राहायला गेल्या. तलावाच्या वर, डोंगराच्या कुशीत दहा-बारा घरं. त्यांतल्या ठकूबाईंच्या घराचा अर्धा भाग त्यांनी घेतला. ठकूबाई विधवा, वयाने बऱ्याच मोठ्या, अंगाने किरकोळ, आवाजाने मात्र सगळ्या वाडीला पुरून उरणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुजं गाव कुटं?" हान्काबाईंना तेव्हा मराठी बेताचंच येत होतं. त्यांनी जमेल तसं सांगितलं, की गाव आहे तिथेच आहे, पण युद्धानंतर सीमा हलली आणि ते आता दुसऱ्याच देशात गेलं. ठकूबाईंनी हे ऐकून घेतलं आणि तलावाकडे बोट केलं. "माजं त्या पान्यात हाय," त्या म्हणाल्या. "ये, च्या पी."

एवढ्यावर दोघींचं जमलं. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतात म्हणून त्या एकमेकींना जाऊबाई म्हणायच्या. नवरा दोघींनाही नव्हता, तरी सासरच्या माणसांना नावं ठेवायचा खेळ दोघी मिळून खेळायच्या. "आपली सासू लई खाष्ट," हान्काबाई म्हणायच्या. "बरं झालं, आपन बगितली न्हाई."

घरामागे त्यांनी मातीची भट्टी घातली होती. पावाचा तुकडा हातून खाली पडला, की त्या तो उचलून त्याचं चुंबन घ्यायच्या आणि मग खायच्या. वाडीतल्या बायका आधी हसल्या. पुढे कुणी काही न सांगता भाकरीचा पडलेला तुकडा उचलून कपाळाला लावायला लागल्या. हिशेब आणि शिव्या हान्काबाई आपल्या भाषेत करायच्या. बाकी सगळं वाडीच्या भाषेत.

एक सवय मात्र कुणी उचलली नाही. दाराशी एक बोचकं कायम बांधून ठेवलेलं असे. त्यात लोकरीचा जाड कोट, मोजे, एक भांडं, सुया-दोरा. झोपताना बूट उशाशी. ठकूबाई म्हणायच्या, "हितं कसली थंडी पडती गं तुज्या कोटाची?" हान्काबाई बोचक्याची गाठ ओढून बघायच्या. एकदाच मला म्हणाल्या, "त्या दिवशी म्या अनवानी हुते."

दरवर्षी त्यांना पुण्याला पोलिसांकडे जाऊन राहण्याचा परवाना वाढवून घ्यावा लागे. त्यांच्याजवळचा पासपोर्ट ज्या सरकारने दिला होता, ते सरकार आता कुठेच नव्हतं. त्यामुळे दर वर्षी नवा कारकून नव्याने गोंधळायचा. परवान्याची वेळ जवळ आली, की पाव करपायला लागायचा. आई त्यावरून महिना ओळखायची. एका वर्षी अधिकाऱ्याने स्पष्टच सांगितलं, हे असं कायम चालायचं नाही. एक तर कुठल्या तरी देशाची कागदपत्रं आणा, नाहीतर जा. जायचं म्हणजे कुठे, तर ज्या देशाच्या सैनिकांनी त्यांना बर्फात नेलं आणि ज्याने त्यांचं गाव घेतलं, त्या देशाच्या वकिलातीत जाऊन विचारायचं. हे सांगताना हान्काबाईंच्या ओठांचा रंग गेलेला मी पाहिला.

तेव्हा बाबांनी वकील गाठला. नागरिकत्वाचा नवा कायदा झालाच होता. परदेशी माणूस इथे कायदेशीरपणे पुरेशी वर्षं राहिला असेल, चारित्र्य चांगलं असेल, इथली एखादी भाषा येत असेल, तर अर्ज करता येतो, असं वकील म्हणाले. फक्त अर्जाआधीचं शेवटचं सबंध वर्ष इथेच गेलेलं हवं. त्यात खंड नको. नंतर पोलीस चौकशी करतील, मग सरकार ठरवेल.

त्या दिवशी वाडीत परतल्यावर हान्काबाईंनी ते बोचकं सोडलं. कोट काढून ठकूबाईंच्या नव्या करडाखाली अंथरला. ठकूबाईंनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "करडाला थंडी वाजतीया."

भाषेची परीक्षा पुण्याच्या एका कचेरीत झाली. इंग्रजी कागद वाचायला लागले तर असावी म्हणून मी बरोबर गेले होते. अधिकारी पुण्याचे, शब्द तोलून बोलणारे. त्यांनी विचारलं, "आपण मराठी कोठे शिकलात?"

"हितंच की. मुळशीला. दुसरं कुटं शिकनार?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. साहेब हसले नाहीत. "ही मराठी नव्हे," ते म्हणाले.

हान्काबाईंच्या मानेवरचा तांबडा रंग गालांपर्यंत चढला. मला तेव्हा काहीतरी बोलावंसं वाटलं आणि नेहमीप्रमाणे बोलता आलं नाही. कोपऱ्यात फायली बांधत बसलेला एक वयस्कर कारकून मान वर न करता म्हणाला, "साहेब, माझी आई असंच बोलते. भोरची आहे."

साहेबांनी थोडा वेळ पेन हातात फिरवलं आणि कागदावर बरोबरची खूण केली. बाहेर आल्यावर हान्काबाई मला म्हणाल्या, "बगितलंस का मुके? म्या त्याच्या आयशीसारकी बोलते." ते त्यांनी परतीच्या एसटीत कंडक्टरलासुद्धा सांगितलं.

परवान्यापुरतं पुण्याला जाणं सोडलं, तर त्या वर्षी त्या तालुक्याच्या गावाच्या, पौडच्या, पुढे गेल्या नाहीत. कायद्याला एवढं नको होतं. देशाबाहेर जायचं नव्हतं इतकंच. पण त्यांना पायाखालची जागा सोडायची भीती वाटायची. वसाहतीतल्या बायकांनी महाबळेश्वरला चला म्हटलं, त्या नाही म्हणाल्या. मग इंग्लंडहून झोशाच्या नवऱ्याचं पत्र आलं. झोशा आजारी आहे, बरं होण्यातलं दुखणं नाही, तिकीट पाठवतो, या. बाबा म्हणाले, जा, अर्ज पुढच्या वर्षी करू. पण गेल्यावर परत येऊ देतील याची खात्री वकिलांनाही देता येईना. आणि एकदा खंड पडला की वर्ष पहिल्यापासून.

हान्काबाई त्या दिवसांत पाव घेऊन यायच्या आणि डबा खाली न ठेवता दारातच उभ्या राहायच्या. एकदा आई पीठ चाळत होती. तिला त्यांनी विचारलं, "तुमी काय केलं असतं?"

आई म्हणाली, "मी गेले असते." मग तिला ते बोलल्याचं वाईट वाटलं. "पण मला परत यायची भीती नाही ना."

त्या गेल्या नाहीत. झोशा पावसाळा संपता संपता गेली. हान्काबाईंनी एक दिवस भट्टी पेटवली नाही. ठकूबाईंनी त्यांना न्हाऊ घातलं, जसं आपल्यात सुतकानंतर घालतात तसं. वर्ष भरलं आणि अर्ज गेला. बाबांनी आणि वसाहतीतल्या शाळेच्या हेडमास्तरांनी चारित्र्याबद्दल लिहून दिलं. आता फक्त चौकशी राहिली होती.

ती झाली तेव्हा मी नाताळच्या सुट्टीत घरी होते. हान्काबाई दिवसभर आमच्याकडे पडदे शिवत होत्या. उन्हं उतरल्यावर आईने गुळाची ढेप देऊन मला त्यांच्याबरोबर वर पाठवलं. वाडीत शिरतानाच हसण्याचा गलका ऐकू आला. ठकूबाईंच्या अंगणात सगळी वाडी जमली होती.

"आलीस व्हय?" ठकूबाईंनी पदर खोचला. "ये, बस. आज तुला वाचिवली बग."

"काय झालं?"

"पोलिस आला हुता. साध्या कापडात. पन बूट लपत्यात व्हय? सायकल खाली टाकून चढून आला. मला म्हनतो, ती परदेशी बाई हितंच ऱ्हाती का? म्या म्हनलं, कोन बाई? मंग म्हनलं, व्हय, व्हती एक. ती कवाच गेली. दिवाळीच्या आदीच गेली."

"म्या बी तेच सांगितलं," शेजारचा धोंडू म्हणाला. "म्हनलं, मुंबईला गेली असंल, न्हाईतर तिच्या देसाला. दोन-तीन म्हैने झालं, म्हनलं."

"आन् तुजी वळनीवरची कापडं म्या आदीच काडली. तो खालच्या वळनावर दिसला न्हवं, तवाच. तुज्या चुलीतला निखारा बी इजवला."

सगळे पुन्हा हसले. हान्काबाईंनी विचारलं, "त्यानं लिवून घेतलं?"

"व्हय तर! समद्यांचं लिवून घेतलं. पन एक बी फुटला न्हाई. समद्यांचं एकच."

हान्काबाई ओरडतील असं मला वाटलं. त्या ओट्यावर गेल्या. तिथे त्यांच्या कपड्यांचा ढीग पडला होता. त्यांनी तो उचलला आणि एकेक कपडा झटकून पुन्हा वळणीवर घालायला लागल्या. कपडे वाळलेले होते. फ्रॉक, पोलकी, एक टॉवेल. टॉवेल दोनदा हातातून खाली पडला. अंगणातलं हसणं हळूहळू थांबलं.

"ठकूबाय," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "म्या हितं ऱ्हाते."

"मंग? ऱ्हातीसच की."

"मंग तसं सांगायचं हुतं."

ठकूबाईंना खरोखरच कळेना. "पोलिसाला?" त्यांनी विचारलं.

त्या वाडीत दुसरं उत्तर कुणाला माहीतच नव्हतं. धरण बांधलं जात होतं तेव्हा ठकूबाई नव्या सुनेच्या वयाच्या होत्या. कोर्टाचा बेलिफ जमिनीच्या नोटिसा घेऊन यायचा. जो घरी सापडेल त्याचा अंगठा घ्यायचा, आणि अंगठा दिला की शेत गेलं. माणूस घरी नसला तर नोटीस परत जायची. निदान त्या दिवसापुरतं शेत राहायचं. धरण झालं, गाव बुडालं, माणसं वर डोंगरात येऊन राहिली, मग जंगलखात्याचे लोक यायला लागले. टोपीवाला असो की पँटवाला, बाहेरच्याने कुणाचं नाव घेऊन विचारलं, की तो माणूस गावाला गेलेला असायचा. आपल्या माणसासाठी ते एवढंच करू शकत होते, आणि ते त्यांनी हान्काबाईंसाठी मनापासून केलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा चिडले. मी त्यांना इतकं चिडलेलं क्वचित पाहिलं आहे. "तुम्ही त्यांना आधी सांगून ठेवायला हवं होतं, हान्काबाई. चौकशीला माणूस येणार, हे तुम्हाला माहीत होतं."

"काय सांगू, सायेब?" हान्काबाई आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. "हितली व्हायाचा अर्ज केलाय, असं सांगू? त्यास्नी वाटतं, म्या हितलीच हाय. येवडी एकच जागा हुती, जितं मला कुनी इचारत न्हवतं."

बाबा उठले. त्यांनी जीप काढली.

पुण्यात कळलं ते आम्हाला वाटलं होतं त्याहून वाईट होतं. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, एवढंच अहवालात नव्हतं. परदेशी व्यक्तीने पोलिसांना न कळवता नोंदलेला पत्ता सोडला, असंही त्यात आलं होतं, आणि तो गुन्हा होता. बाबांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र दाखवलं. अधिकारी सभ्यपणे म्हणाले, "आपण वाडीत राहत नाही. वाडीत राहणारे सगळे एकमुखाने सांगतात की बाई गेल्या. मी कुणाचं धरू?"

"मग त्यांनाच आणतो," बाबा म्हणाले.

वाडीतली माणसं पौडच्या पोलीस ठाण्यात आली. सगळी नाही, धोंडू आदल्या दिवसापासून गावाला गेला होता, खरंच की कसं ते माहीत नाही. ठकूबाई सगळ्यांत पुढे होत्या. त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं. हान्काबाईंना बाहेर थांबायला सांगितलं होतं. त्या जीपच्या सावलीत जमिनीवर बसून राहिल्या. मी दारात उभी होते.

हवालदाराने विचारलं, "म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

"तवा," ठकूबाई म्हणाल्या. "तवा भ्यालो हुतो."

"आणि आता भीत नाही?"

"आता जास्त भ्यालोय."

हवालदार लिहायचा थांबला. त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आजी, असं लिहून घेतलं तर सरकारी माणसाला खोटं सांगितलं, हे तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल. कळतंय ना? अंगठा द्यावा लागेल."

ठकूबाईंनी उभ्या आयुष्यात कागदावर अंगठा दिला नव्हता. त्यांच्या सासऱ्याने एकदाच दिला होता, आणि ते शेत तलावाच्या तळाशी होतं. हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं, मलासुद्धा. शाईची गादी पुढे सरकवली तेव्हा त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. मग त्यांनी बाहेर, जीपकडे पाहिलं, आणि उजवा हात बाहेर काढला.

अंगठा दिल्यावर हवालदाराने पुसायला चिंधी दिली. त्यांनी ती घेतली नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्या हात अंगापासून लांब धरून बसल्या होत्या, जसं काही तो भाजला आहे. हान्काबाईंनी तो हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. त्यांच्या फ्रॉकला निळा डाग पडला.

उत्तर आलं ते उन्हाळ्यात. वाडीच्या लोकांनी जबान्या फिरवल्या, त्या सगळ्यांनी मिळून, आणि ते अर्जदाराची शिफारस करणाऱ्याच्याच जीपमधून आले होते. तेव्हा नव्या जबान्यांवर विसंबता येत नाही. नागरिकत्वाचा अर्ज नामंजूर. परवाना वाढवला जाणार नाही. ठरावीक मुदतीत देश सोडावा. वकील म्हणाले, फेरअर्ज करता येईल, पण त्यासाठी इथे राहिलेलं असायला हवं, आणि राहायला परवाना हवा. बाबांनी वरपर्यंत लिहिलं. हेडमास्तर मुंबईला जाऊन आले. हान्काबाई रोज पाव आणून द्यायच्या आणि विचारायच्या, "काय?" बाबा मान हलवायचे. पुढेपुढे त्या विचारीनाशा झाल्या. बाबांकडे एकदा बघायच्या आणि डबा उचलायच्या.

शेवटी एकच दार उघडलं. झोशाच्या नवऱ्याने इंग्लंडमध्ये हमी दिली. ज्या देशाने गाव घेतलं तिकडे पाठवायचं तरी टळलं, असं सगळे म्हणाले आणि त्यांना खरंच हायसं वाटलं. हान्काबाई आईला म्हणाल्या, "जिला भेटाया गेले न्हाई, तिच्याच घरात ऱ्हायाला जायचं." आईने त्यांना जवळ घेतलं. आई सहसा कुणाला जवळ घेत नाही.

निघण्याच्या दिवशी आधी पुण्याच्या कचेरीत नोंदणी परत करायची होती. मग मुंबईची गाडी, मग बोट. ठकूबाई हट्टाने बरोबर आल्या. पुणं त्यांनी त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि त्या दिवशीही पाहिलं नाही. सबंध वेळ त्या हान्काबाईंच्या पाठीकडेच बघत होत्या. कचेरीच्या व्हरांड्यात लांब बाक होता. त्यावर आपापली नावं पुकारली जायची वाट बघणारी माणसं बसली होती. ठकूबाई टोकाला टेकल्या.

आतला कारकून तरुण होता, नवीन असावा. त्याने नोंदवही तपासली, परवान्याचे जुने शिक्के एकामागून एक पाहिले आणि एका दाखल्यावर सुबक अक्षरात लिहून शिक्का मारला. हान्काबाईंनी वाचून दाखव म्हटलं. ते इंग्रजीत होतं. मी मराठीत सांगितलं, की ह्या बाई आल्या तेव्हापासून आजच्या तारखेपर्यंत मुक्काम मुळशी, जिल्हा पुणे, इथे राहत होत्या.

"आजपर्यंत?" हान्काबाईंनी विचारलं.

"आजपर्यंत."

"मदी कुटं गेले, असं न्हाई लिवलं?"

"नाही."

मी कारकुनाकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी एका परक्या माणसाला आपण होऊन काही विचारलं. हे खरं असेल तर अर्ज नामंजूर कसा झाला, असं विचारलं. तो गोंधळला. नागरिकत्वाचं टेबल वेगळं, हे टेबल फक्त जाणाऱ्यांचं, असं म्हणाला. इथे पत्ता जुन्या नोंदीवरूनच लिहितात.

हान्काबाई तो कागद घेऊन व्हरांड्यात आल्या आणि ठकूबाईंपुढे धरला. "बग, जाऊबाई. सरकारनं लिवलं. म्या हितंच ऱ्हात हुते म्हनून."

ठकूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला, शिक्क्यावर बोट फिरवलं, आणि चेहरा उजळून वर पाहिलं.

"मंग आता ऱ्हा की!" त्या म्हणाल्या. "लिवलंय न्हवं?"

हान्काबाईंनी कागद परत घेऊन पिशवीत ठेवला. त्या ठकूबाईंच्या शेजारी बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन, पाठ ताठ ठेवून, रांगेतल्या बाकीच्या माणसांसारखी नजर आतल्या दाराकडे लावून, जणू त्यांचंही नाव अजून पुकारायचं राहिलं होतं. बाबा फाटकाशी टांगा थांबवून उभे होते. त्यांनी घड्याळ दाखवलं. मग पुन्हा दाखवलं. आतून शिपाई एकेक नाव पुकारत होता. दर नावाला ठकूबाई हान्काबाईंच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि हान्काबाई उठत नव्हत्या.